फिकट ठिपकेही मोजायचे

ब्रिस्टल
३ फेब्रुवारी २०२४

आदरणीय भीमरावमामा,
सप्रेम जयभीम.

ख्रिसमसला बर्मिंगहॅमला आले होते तेव्हा आपलं ठरलं होतं, यापुढे फोन नाही, पत्रं. तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि फोन वाजला की मामी घाबरून ‘कोण गेलं?’ विचारत बसते. तर हे पहिलं पत्र. बारावीनंतर मी मराठीत एवढं सलग लिहिलेलं नाही, तेव्हा लाल पेन बाजूला ठेवून वाचा.

तुम्ही विचारलं होतंत, ‘लॅबमध्ये दिवसभर करतेस तरी काय?’ आईला नागपूरला मी सांगते की मेंदूवर काम करते. खरं म्हणजे मेंदू माझ्या हाताला लागतच नाही. माझ्याकडे प्लास्टिकच्या प्लेटा असतात, एकेका प्लेटीत शहाण्णव खळगे, आणि खळग्यांत वाढवलेल्या पेशी. टाऊ नावाचं एक प्रोटीन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतं. पेशीच्या आत मालवाहतुकीचे रूळ असतात, ते जागेवर धरून ठेवणं हे त्याचं काम. मामीच्या आजारात हे टाऊ रूळ सोडतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. वर एका गुठळीच्या नादाने शेजारचं चांगलं टाऊही बिघडतं. मामी दुधाला चमचाभर विरजण लावायची ना, तसंच.

माझ्या पेशींतलं टाऊ हिरवं चमकेल अशी सोय केलेली आहे. वरून मी विरजण घालते, म्हणजे थोड्याशा तयार गुठळ्या. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पेशींत चमकदार ठिपके दिसतात. जास्त ठिपके म्हणजे जास्त गुठळ्या. एवढंच काम. पीएचडीनंतर त्याला पोस्टडॉक म्हणतात.

आता बातमी. एका रसायनाने, आम्ही त्याला नुसतं ‘सतरा नंबर’ म्हणतो, ठिपके चाळीस टक्क्यांनी कमी झालेत! तीनदा केलं, तीनदा तेच. सतरा नंबर घातला की पेशी जरा गोलसर होतात आणि भांडलेल्या जावांसारख्या लांब लांब बसतात, पण जगतात. माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपतंय. हा निकाल टिकला तर पुढची तीन वर्षं मिळतील, व्हिसाही. नाही टिकला तर बॅगा भरायच्या.

मामीला हे वाचून दाखवा.

तुमची,
धम्मशीला


बर्मिंगहॅम
११ फेब्रुवारी

चि. धम्मशीला,
जयभीम.

पत्र मिळालं. चुका बावीस, पण पोरगी पास.

वाचून दाखवायची गरज पडली नाही. मामी स्वतः वाचते. रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि रोज तिला ते नवीन असतं. ‘अवं बाई, शीलाचं पत्र आलं!’ मंगळवारी मी शहाणपणा केला, म्हणालो, अगं हे कालचंच आहे. तिचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून रात्री पाकीट पुन्हा चिकटवतो आणि सकाळी दाराच्या आत टाकून ठेवतो. माझं काय जातं? डिंक स्वस्त आहे.

तुझी विरजणाची गोष्ट तिला पटली. म्हणाली, दूध कोमट पाहिजे. तुझी प्लेट कोमट असते का, ते कळव.

आता माझा प्रश्न. आडून विचारणं मला जमत नाही. हा सतरा नंबर मामीला कधी मिळेल? तुमच्याकडे ट्रायल वगैरे असतात, त्यात नाव घालता येतं, असं मी वाचलंय. फॉर्म असेल तर पाठव. सकाळी तासभर ती चांगली असते, तेव्हा सही करून घेईन.

भीमराव


ब्रिस्टल
१६ फेब्रुवारी

आदरणीय मामा,
जयभीम.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. नाही. फॉर्म नाही, ट्रायल नाही, पुढची काही वर्षं तरी काहीच नाही. या पेशी मेंदूच्यासुद्धा नाहीत, मूळच्या किडनीच्या आहेत. त्या चिवट असतात, भराभर वाढतात, म्हणून वापरतो. प्लेटीत चाललेली बहुतेक रसायनं पुढे उंदरातसुद्धा चालत नाहीत, माणूस तर लांबच. मी पहिल्या पत्रात हुरळून लिहिलं. चूक माझी. कृपा करून मामीला किंवा विहारातल्या कुणाला ‘औषध सापडलं’ असं सांगू नका.

(प्लेट सदतीस डिग्रीला असते. मामीला सांगा, कोमटच.)

आता माझं एक काम आहे. ठिपके कॉम्प्युटर मोजतो, पण किती चमकलं की त्याला ठिपका म्हणायचं, ही पातळी मी ठरवून दिलेली आहे. आमची बॉस म्हणाली, ‘पातळी तू ठरवलीस आणि निकालही तुलाच हवाय.’ राग आला, पण बाई चुकीचं बोलली नाही. तिचं म्हणणं, साठ फोटो काढ, तीन माणसांनी हाताने मोजू देत, आणि कुठल्या फोटोत सतरा नंबर आहे ते तिघांनाही कळता कामा नये. दोन माणसं लॅबमधली, इंद्रजित आणि एक पोलंडची मुलगी. तिसरं माणूस बाहेरचं पाहिजे.

तुम्ही एकतीस वर्षं त्या कारखान्यात गाड्यांच्या पार्टांमधले केसाएवढे तडे शोधलेत. तुमच्याइतकी नजर कुणाची आहे? बॉसला विचारलं, ती हो म्हणाली. फोटोंना नंबर वैभवी लावणार आहे. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसते, पुण्याची, अतिशय खडूस, त्यामुळे फोडणार नाही. कुठला नंबर कशाचा, ती यादी तिच्याकडे बंद पाकिटात राहील. मलाही दिसणार नाही.

मोजाल का?

धम्मशीला


बर्मिंगहॅम
२४ फेब्रुवारी

चि. धम्मशीला,
जयभीम.

समजलं. कुणाला सांगणार नाही. फॉर्मचा विषय संपला.

मोजतो. पण इन्स्पेक्शनचा पहिला नियम असा की मोजायच्या आधी ‘काय मोजायचं’ ते कागदावर पाहिजे. ठिपका कशाला म्हणायचं? किती मोठा? दोन चिकटलेले असले तर एक की दोन? आमच्याकडे नवीन पोरं विचारायची, ‘भीम, हा तडा आहे की ओरखडा?’ मी म्हणायचो, गेज लाव, मला काय विचारतोस. मी सांगितलं म्हणून मानू नको, तपास आणि मग मान. धम्मात आपल्याला दुसरं काय शिकवलंय?

घरात मोजणीतलं माझ्याहून मोठं माणूस आहे, ते तुला ठाऊक नसेल. तुझी मामी कल्याणी सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. रक्त टिपायच्या कापडी घड्या असतात, त्यांना स्वॉब म्हणतात. पोट शिवायच्या आधी दोघींनी मिळून, मोठ्याने, पाच-पाचच्या गड्ड्यांनी मोजायचे. आत गेले तेवढे बाहेर आलेच पाहिजेत. एकदा एक कमी भरला. सर्जन म्हणाला, तुझी मोजणी चुकली असेल, मी शिवतो. ही म्हणाली, ‘नो. काउंट जमत नाही.’ तो ओरडला, पेशंट टेबलावर, आणि ही नवी, सावळी, तोडकं इंग्रजी. जागची हलली नाही. चाळीस मिनिटांनी सापडला. रक्ताने भिजून आतड्यासारखाच दिसत होता म्हणे. ही गोष्ट तिला आजही आठवते. सकाळी काय खाल्लं ते नाही आठवत.

फोटो पाठव.

भीमराव


ब्रिस्टल
२ मार्च

आदरणीय मामा,

साठ फोटो पाठवतेय, पुठ्ठ्यावर बांधलेत, दुमडू नका. नियम असा: ठिपका पेशीच्या आत पाहिजे, कड स्पष्ट पाहिजे, आजूबाजूपेक्षा उजळ पाहिजे. लहान-मोठा चालेल. चिकटलेले दोन वेगळे दिसत असतील तर दोन. घाई नाही, एप्रिलच्या मध्यापर्यंत चालेल. मुदतवाढीचा अर्ज दहा मेला जायचाय.

मामीची स्वॉबची गोष्ट वैभवीला सांगितली. त्या खडूस बाईने साठही फोटो पाच-पाचने पुन्हा मोजले, मगच बांधू दिले.

शीला


बर्मिंगहॅम
९ एप्रिल

चि. धम्मशीला,
जयभीम.

मोजणी पूर्ण. कागद सोबत जोडला आहे. साठही फोटो परत पाठवले आहेत. मामी बरी आहे. इथे पाऊस आहे.

भीमराव


ब्रिस्टल
१५ एप्रिल

मामा!
जयभीम, जयभीम, जयभीम!

शुक्रवारी वैभवीने पाकीट फोडलं. तुमच्या मोजणीत सतरा नंबरवाल्या फोटोंत ठिपके अडतीस टक्क्यांनी कमी आहेत. अडतीस! कॉम्प्युटरचे चाळीस. मी कॅन्टीनमध्ये नाचले, लोक बघत होते.

एक घोळ आहे. इंद्रजित आणि त्या पोलिश मुलीच्या मोजणीत काहीच फरक येत नाही. दोन्हीकडे ठिपके जवळपास सारखेच. बॉस म्हणते, दोन विरुद्ध एक. मी म्हटलं, त्या दोघांनी स्वतःच्या कामातून वेळ काढून दोन दुपारींत उरकलंय, आणि माझ्या मामांनी महिनाभर भिंग लावून मोजलंय. तडे शोधण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं त्याची नजर जास्त की यांची? बॉस विचार करतेय. मी अर्जात लिहिणार आहे की अनुभवी बाहेरच्या निरीक्षकाच्या मोजणीने कॉम्प्युटरचा निकाल पक्का होतो. एवढं वाक्य पुरेसं आहे.

मागचं पत्र फार कोरडं होतं तुमचं. दमलात का? मे महिन्यात येते, मामीच्या हातची नाही तर माझ्या हातची पुरणपोळी खाऊ.

तुमची शीला


बर्मिंगहॅम
१९ एप्रिल

चि. धम्मशीला,
जयभीम.

ते वाक्य लिहू नकोस.

पूर्ण वाच, मग काय चिडायचं ते चीड. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, सतरा नंबरच्या पेशी गोलसर होतात, लांब लांब बसतात. ते पत्र आमच्या घरात रोज वाचलं जातं, मोठ्याने. माझं पाठ झालंय. तिसरा फोटो हातात घेतला आणि मला कळलं की हा सतरा नंबरचा. मग सगळेच कळत गेले. वैभवीच्या पाकिटाची मला गरजच नव्हती. तेव्हाच फोटो परत करून ‘मी बाद’ असं लिहायला हवं होतं. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

मी मोजत राहिलो. गोलसर पेशींच्या फोटोंत खूपसे ठिपके फिकट होते. फिकट दिसला की मी म्हणायचो, छे, हा काही ठिपका नाही. साध्या फोटोंत तसाच फिकट दिसला की धरायचो. पहिल्या दिवशी माझं मला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळत होतं.

मला सतरा नंबर पाहिजे होता, पोरी. तू नाही म्हणालीस, मी समजलं म्हणून लिहिलं, आणि मनात ते तसंच धरून ठेवलं. एकोणपन्नास वर्षांचा संसार आहे. फेब्रुवारीत तिने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुम्ही कोणाकडं आलात?’ मी म्हणालो, तुझ्याकडेच. ते तुला कळवलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. टेबलावर फोटो, माझ्या हातात भिंग. तिने एक फोटो ओढला आणि बोट ठेवून मोठ्याने मोजायला लागली. वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह. पाच झाले की एक रेघ. थिएटरमधली तिची मोजणी इंग्रजीतच असायची, ती तशीच राहिलीय. मी तुझा नियम वाचून दाखवला, तिने मान हलवली. माझे एकोणीस आले होते, तिचे एकतीस. मी म्हटलं, अगं, हे फिकट आहेत. तर माझ्याकडे असं बघितलं की मीच नवीन पोरगा. ‘मले दिसते ना. फिकट हाय म्हणून नाही हाय का? काउंट जमत नाही तुमचा.’

तिच्या त्या चांगल्या तासात रोज पाच फोटो, बारा सकाळी. आदल्या दिवशीचं तिला काही आठवत नव्हतं. सतरा नंबर काय, मोजतोय कशासाठी, काही नाही. तुझं पत्रही त्या सकाळी मी मोजणी झाल्यावरच दाराशी टाकायचो. तरी मी तिला तपासलं, सवय जात नाही. एकच फोटो आठवड्याच्या अंतराने दोनदा दिला. दोन्ही वेळा तेवीस.

तिचे आकडे मी वेगळ्या कागदावर लिहून घेतले, ड्रॉवरमध्ये ठेवले आणि तुला माझा कागद पाठवला. आता तू माझ्या नजरेवर तीन वर्षं उभी करायला निघालीस, तेव्हा ड्रॉवर उघडावाच लागला. तिचा कागद सोबत आहे. खरा तो धर. माझा फाडून टाक.

तुझ्या नोकरीचं मला कळतं. तरी पाठवतो आहे.

भीमराव


ब्रिस्टल
२३ एप्रिल

मामा,

पत्र आणि मामीचा कागद मिळाला. कागद वैभवीकडे दिलाय. बाकी नंतर.

शीला


ब्रिस्टल
१२ मे

प्रिय कल्याणीमामी,
जयभीम.

हे पत्र तुला आहे. मामा सोबत वाचतीलच, वाचू देत.

मी धम्मशीला, तुझ्या नणंदेची मुलगी, ब्रिस्टलला असते. तुला ठिपक्यांचे साठ फोटो पाठवले होते, तू ते मोजलेस. तुझा कागद वैभवीने इंद्रजितच्या आणि त्या पोलिश मुलीच्या कागदाशेजारी ठेवला. साठ फोटोंत मिळून तिघांमध्ये चाळीस-पन्नास ठिपक्यांचा फरक, एकूण दीड हजारांत. बॉसने विचारलं, हे कुणी मोजलं? मी म्हटलं, माझ्या मामीने, थिएटर नर्स होती. आजाराचंही सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, मग या मोजणीत आशा शिरायला जागाच नव्हती.

चूक कुठे होती तेही सापडलं. सतरा नंबर गुठळ्या कमी करतच नाही. तो पेशीची सगळी चमकच मंद करतो. गुठळ्या तिथेच होत्या, तेवढ्याच होत्या, फक्त फिकट झाल्या होत्या. माझ्या कॉम्प्युटरला मी सांगून ठेवलं होतं की फिकट म्हणजे नाही. मी पण तेच मानलं, मामांनी पण. तू मानलं नाहीस.

मामांचा कागद मी फाडला नाही. तोही फाइलला लावला, शेजारी तुझा, आणि खाली लिहिलं की मी पहिल्या पत्रात खूण फोडली. फोडली मी, म्हणून मामा अडकले. सुरुवातीला मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की त्यांचं पत्र कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं आणि मग पुन्हा काढलं. माझ्या मुदतवाढीच्या वेळीच यांना खरं आठवायचं होतं का, असं वाटलं. नंतर हिशेब उलटा लागला. मी त्या वाक्यावर अर्ज केला असता, तीन वर्षं मिळाली असती, आणि तीन वर्षं मी नसलेल्या गोष्टीमागे फिरले असते. कुणाकुणाची मामी वाट बघत बसली असती ते वेगळंच.

दहा मेला अर्ज पाठवलाच नाही. आता ‘सतरा नंबर का चालत नाही’ एवढाच छोटा पेपर लिहायचाय, म्हणजे दुसऱ्या कुणाची अशीच फसगत होणार नाही. त्यात शेवटी आभारात तुझं नाव असेल. सप्टेंबरनंतर काय, माहीत नाही. दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. भीती वाटते, पण झोप लागते.

मामी, आम्ही पोट शिवायला घेतलं होतं. तू थांबवलंस. काउंट तुझा बरोबर होता.

तुझी,
शीला

(मामा, चिडणं संपलंय. पंचवीस तारखेच्या शनिवारी येते, डाळ भिजत घालून ठेवा.)


बर्मिंगहॅम
२० मे

चि. धम्मशीला,
जयभीम.

तुझं पत्र सहा सकाळी वाचून झालं. पाकिटाला आता डिंकाचा थर चढलाय.

रोज तेच होतं. ‘अवं, शीलाचं पत्र आलं, माझ्या नावानं आलं!’ मग खुर्चीत ताठ बसून वाचते. ‘काउंट तुझा बरोबर होता’ इथे आली की भुवया वर जातात, जणू कुणी शंका घेतली होती. मग पत्र खाली ठेवते आणि मला विचारते, ‘सापडला का मग?’

पहिल्या दिवशी मला उमजलंच नाही. म्हटलं, काय सापडला? तर म्हणे, ‘तो राहिलेला स्वॉब.’ मी म्हणालो, नाही. ती दुपारपर्यंत येरझाऱ्या घालत होती, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं, सापडला. तेवढ्याने ती निवांत झाली असती. पण एकदा खोटं मोजलं ते पुरे झालं. तिच्यासमोर परत नाही.

आता मी सांगतो, शोधतायत. तुझी भाची शोधतेय, बाकीचेही आहेत. ती विचार करते. मग म्हणते, ‘मंग शिवू नका देऊ कोणाले.’ मी म्हणतो, नाही देणार. तेव्हा कुठे चहा पिते.

शनिवारी ये. डाळ भिजत घालतो. सकाळच्या गाडीने आलीस तर बरं, तो तिचा चांगला तास असतो. ती तुलाच विचारेल.

भीमराव